लेक कोणाच्या रिटर्नवर?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं कॉलेजात गेली की दर फेब्रुवारीत एक वाद ठरलेला असतो. मुलाला आई-वडिलांनी आपल्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट म्हणून घ्यायचं, की मुलाने स्वतःचं रिटर्न भरून मोकळं व्हायचं? आणि कॉलेजच्या फीवर सरकार जे क्रेडिट देतं, ते कोणाच्या पदरात पडायचं? मी न्यू जर्सीत लोकांची रिटर्न्स भरते, एन्रोल्ड एजंट आहे. यंदा हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाच्या घरात निघाला. त्याची लेक वीस वर्षांची, राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. तिने हॉस्टेलवर बसून फोनवरून २०२५ चं रिटर्न पाठवून दिलं आणि 'दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं' या चौकटीत खूण केली नाही. मागाहून दादाचं रिटर्न गेलं, ते तिचा नंबर आधीच वापरला गेलाय म्हणून परत आलं. विचारल्यावर लेकीने आईला एवढंच सांगितलं, "कर्ज माझ्या नावावर आहे, मग मी डिपेंडंट कशी?"

दादाला हे वाक्य लागलं. मला मात्र ते विचार करण्यासारखं वाटलं. त्यावरून आम्हा दोघांत जे बोलणं झालं ते खाली देते आहे. आकडे दादाला विचारूनच दिले आहेत, फक्त शेकड्यात आणले आहेत.

दादा: मला यात वादाचं कारणच दिसत नाही. वीस वर्षं तिला आम्ही सांभाळलं. फी आमची, फोनचं बिल आमचं, गाडीचा विमा आमच्या नावावर. उन्हाळ्यात इंटर्नशिप केली म्हणून ती स्वतंत्र झाली का?

मी: नाही झाली. पण तू देतोस त्या कारणाने नाही. तुझं म्हणणं, तिचा अर्ध्याहून जास्त खर्च आम्ही करतो. कायदा तुला ते विचारतच नाही. त्याचा प्रश्न तिच्याबद्दल आहे. तिने स्वतःचा अर्ध्याहून जास्त खर्च स्वतः उचलला का?

दादा: फिरवून फिरवून एकच झालं ते.

मी: एक नाही, कारण मधे तिसरं माणूस असू शकतं. समज, पुण्याहून तिच्या आजोबांनी फीचा मोठा हिस्सा थेट विद्यापीठाला पाठवला. मग अर्धा खर्च तू केला नाहीस आणि तिनेही केला नाही. तरी तिला क्लेम करायचा तुझा अधिकार शाबूत राहतो. तू म्हणतोस तो नियम खरा होता, पण जुना. २००४ साली कायदा बदलला आणि २००५ पासून मुलांच्या बाबतीत ही कसोटी उलटी झाली. तू इथे आलास तेव्हाचा नियम तुझ्या डोक्यात पक्का बसलाय.

दादा: बरं, उलटी तर उलटी. बाकीच्या अटी?

मी: त्या सरळ आहेत. मूल तुझं हवं, वर्षाअखेर चोविसाच्या आत हवं, वर्षातल्या पाच महिन्यांत पूर्णवेळ विद्यार्थी हवं, आणि अर्ध्याहून जास्त वर्ष तुझ्या घरी राहिलेलं हवं.

दादा: ती तर नऊ महिने हॉस्टेलवर असते.

मी: शिक्षणासाठी बाहेर राहणं तात्पुरतं धरतात. ते दिवस घरचेच मोजायचे. खरा प्रश्न उरतो तो खर्चाचा, आणि त्याला तक्ता आहे. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०१ मध्ये. तो भरल्याशिवाय तू बरोबर की ती बरोबर हे मी सांगणार नाही.

इथे दादाचा पहिला ठाम नकार आला. त्याच्या मते घरात कोणी कोणाला किती पोसलं याचा हिशेब मांडणं हेच अभद्र आहे. आई-बाप आणि लेक यांच्यात देणं-घेणं लिहून ठेवत नाहीत. मी त्याला म्हटलं की हा तक्ता प्रेमाची किंमत लावत नाही, तो फक्त पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला ते विचारतो. आणि ज्या घरात असा हिशेब कधी होत नाही, त्या घरात सगळा भार कोणाच्या खांद्यावर आहे हे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसतं. तो गप्प राहिला आणि लॅपटॉप उघडला.

मी: आधी तिच्यावर वर्षभरात झालेला एकूण खर्च. फी किती?

दादा: सतरा हजार. त्यातली सहा हजारांची स्कॉलरशिप तिने मिळवली. ती तिच्या बाजूला धर, तिच्या हुशारीची आहे.

मी: ती कोणाच्याच बाजूला धरायची नाही. मूल पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर त्याच्या सपोर्टच्या हिशेबातून स्कॉलरशिप वगळायची, असं कायदाच सांगतो. फीचे अकरा हजार लिही. हॉस्टेल आणि मेस?

दादा: चौदा हजार.

मी: पुस्तकं आणि लॅपटॉप दीड हजार. आरोग्यविम्याच्या हप्त्यातला तिचा वाटा अठराशे. कपडे, फोन, गाडी, येणं-जाणं मिळून एकतीसशे. उन्हाळ्यात तीन महिने घरी होती, तेव्हाच्या जेवणाचे बाराशे. आणि तिच्या खोलीचं भाडं.

दादा: कसलं भाडं? घराचा हप्ता मी भरतो.

मी: हप्ता नाही धरायचा. ती खोली बाहेरच्या माणसाला दिली असती तर काय आलं असतं, तो आकडा धरायचा. महिना आठशे धर. तीन महिन्यांचे चोवीसशे.

दादा: म्हणजे तिच्या खोलीला भाडं लावतात. आणि तिची आई तीन महिने रोज सकाळी उठून तिचा डबा करते, ती आजारी पडली तर कामावरून रजा टाकून तिला घेऊन येते, त्याची किंमत कुठे लिहायची?

मी: कुठेच नाही. किराणा धरतात, रांधणं धरत नाहीत.

दादा: मग हा हिशेब खोटा आहे.

मी: अपुरा आहे. वहिनीच्या कष्टांपुरतं तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण तो अपुरा असला तरी तुझ्या बाजूने अपुरा आहे. ते कष्ट धरले असते तर तिचा वाटा आणखी कमी दिसला असता. बेरीज कर.

बेरीज पस्तीस हजार आली. निम्मे साडेसतरा हजार. मग आम्ही तिची बाजू लिहायला घेतली आणि खरी खडाजंगी तिथे झाली.

मी: इंटर्नशिपचे नऊ हजार. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापून हातात साधारण त्र्याऐंशीशे आले. त्यातले किती खर्च केले?

दादा: पाच हजार. बाकीचे तेहतीसशे बँकेत आहेत, मीच तिला ठेवायला सांगितले.

मी: ठेवलेला पैसा सपोर्ट नाही. जो स्वतःवर खर्च केला तेवढाच धरायचा, म्हणजे पाच हजार. तिच्या लहानपणी तिच्या नावे जे खातं उघडलं होतं त्यातून हॉस्टेलचं बिल भरलं होतंस ना?

दादा: साडेतीन हजार काढले. पण त्यात पैसे टाकले होते आपल्या वडिलांनी.

मी: तिच्या नावे टाकले, तेव्हाच तिचे झाले. साडेतीन हजार तिच्याकडून. आणि आता कर्ज.

दादा: ते तिचं नाही. फेडणार मी आहे.

मी: सही कोणाची आहे?

दादा: तिची. तो फॉर्मच तसा होता.

मी: मग ते तिचं. फेडायची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर, सपोर्ट त्याचा. तुला स्वतःच्या नावावर घ्यायचं होतं तर पॅरेंट प्लस कर्ज होतं. ते घेतलं असतंस तर आज तुझ्या बाजूला लिहिलं असतं. पुढे तू हिचं कर्ज फेडशील ते चांगलंच आहे, पण २०२५ मध्ये फी भरायला जो पैसा आला तो तिच्या जिवावर आला.

दादा: तिच्या जिवावर म्हणू नकोस.

मी: मग कोणाच्या म्हणू? संघराज्य सरकारचं कर्ज पहिल्या वर्षाला साडेपाच हजार, दुसऱ्या वर्षाला साडेसहा, तिसऱ्याला साडेसात. या मे महिन्यात तिसरं वर्ष संपेल तेव्हा तिच्या नावावर साडेएकोणीस हजार डॉलर असतील. तू 'आम्हीच शिकवतो' म्हणतोस तेव्हा तिला हे साडेएकोणीस हजार आठवतात. तिला तुझे उपकार मोडून काढायचे नाहीत रे. तिचा प्रश्न आकड्यांचा होता.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं ते बरोबर विचारलं: कॉलेजचं वर्ष सप्टेंबर ते मे, टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, मग कर्जाचा कोणता आकडा लिहायचा? कॅलेंडर वर्षात हाती आलेला. दुसऱ्या वर्षाच्या कर्जाचा निम्मा हप्ता जानेवारीत आला, सव्वातीन हजार. तिसऱ्या वर्षाचा निम्मा सप्टेंबरात, पावणेचार हजार. मिळून सात हजार. पाच, साडेतीन आणि सात, एकूण साडेपंधरा हजार.

दादा: निम्मे साडेसतरा, तिचे साडेपंधरा. म्हणजे ती डिपेंडंटच. मी म्हणत होतो तेच झालं.

मी: झालं, पण दोन हजार डॉलरांच्या फरकाने. बँकेत ठेवलेले तेहतीसशे तिने हॉस्टेलच्या बिलाला दिले असते तर तिची बाजू अठरा हजार आठशे झाली असती. मग तू कितीही म्हणालास तरी तुला तिला क्लेम करता आलं नसतं. ती उत्तरात चुकली, प्रश्नात चुकली नाही. आणि पुढच्या वर्षी कर्ज पुन्हा तिच्याच नावे, वर मोठी पगारी इंटर्नशिप, असं झालं तर हा तक्ता उलटू शकतो. दर वर्षी नव्याने भरावा लागेल.

दादा: आता क्रेडिटचं सांग. पंचवीसशे मिळतात म्हणे.

मी: अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट. १९९७ च्या कायद्यात त्याचा आधीचा अवतार होता, होप क्रेडिट. २००९ मध्ये आजचं रूप आलं आणि २०१५ मध्ये ते कायमचं झालं. फी, सक्तीचे शुल्क आणि अभ्यासाला लागणारी पुस्तकं-साहित्य यांच्या पहिल्या दोन हजारांवर शंभर टक्के आणि पुढच्या दोन हजारांवर पंचवीस टक्के. हॉस्टेल नाही, मेस नाही, विमा नाही, प्रवास नाही. इथेच लोक घोटाळा करतात. सपोर्टच्या तक्त्यात हॉस्टेल धरायचं, क्रेडिटच्या हिशेबात वगळायचं. दोन्हीकडे एकच यादी वापरली की दोन्ही चुकतात.

दादा: फी स्कॉलरशिप वजा जाता अकरा हजार, म्हणजे चार हजारांची अट केव्हाच पार. पंचवीसशे नक्की.

मी: तुझं उत्पन्न नाही सांगितलंस. दोघांचं मिळून?

दादा: एक लाख सत्तर हजार.

मी: जोडीने रिटर्न भरणाऱ्यांना १,६०,००० पर्यंत पूर्ण क्रेडिट, १,८०,००० ला शून्य. तू बरोबर मध्यावर आहेस. साडेबाराशे मिळतील. शिवाय लेक डिपेंडंट असल्याचे वेगळे पाचशे.

दादा: आणि हाच मला अन्याय वाटतो. न्यू जर्सीत दोन पगार, घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स. १,८०,००० म्हणजे काय श्रीमंती झाली? आणि ही रेषा किती वर्षांपूर्वी आखली?

मी: २००९ साली. क्रेडिटचा आकडाही तेव्हाचाच, पंचवीसशे. महागाईप्रमाणे दोन्ही वाढत नाहीत. फी मात्र वाढत राहिली. तुझी ही तक्रार रास्त आहे आणि ती काँग्रेसपर्यंत जायला हवी. पण या वर्षापुरता एक मार्ग अजून उघडा आहे. तुमचा हाय-डिडक्टिबल विमा आहे. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये गेल्या वर्षी किती भरलेस?

दादा: तीन हजार.

मी: २०२५ ची कुटुंबाची मर्यादा ८,५५० होती, आणि १५ एप्रिलपर्यंत भरलेला पैसा गेल्या वर्षात धरता येतो. पाच हजार भरलेस तर उत्पन्न १,६५,००० धरलं जाईल आणि क्रेडिट १,८७५ होईल. या पट्ट्यात उत्पन्न हजाराने खाली आलं की क्रेडिट सव्वाशेने वर जातं. न्यू जर्सीच्या राज्य करात ही वजावट नाही, केंद्राच्या आहे.

दादाने लगेच फोनमध्ये नोंद केली. पैसे वाचवण्याच्या बाबतीत आमच्यात कधीच मतभेद नसतात. मतभेद पुन्हा झाला तो त्याच्या मित्राच्या सल्ल्यावरून.

दादा: माझा एक मित्र आहे, दोन लाखांच्या वर उत्पन्न. त्याला काही मिळत नाही, म्हणून तो मुलाला क्लेमच करत नाही. मुलगा स्वतः क्रेडिट घेतो. मीही पुढच्या वर्षी तसंच करीन म्हणतो.

मी: तो मार्ग कायदेशीर आहे. तुला क्लेम करता येत असूनही तू केलं नाहीस, तर क्रेडिट तिला घेता येतं, आणि तू भरलेली फीसुद्धा तिने भरली असं धरतात. पण तिला मिळणार किती? या क्रेडिटचे दोन भाग आहेत. एक भाग कर कमी करतो. दुसरा, चाळीस टक्के म्हणजे हजारापर्यंत, कर शून्य असला तरी हातात येतो. तुझ्या लेकीचा कर किती?

दादा: नऊ हजारांवर? शून्य.

मी: मग पहिला भाग वाया. दुसऱ्यासाठी आणखी एक 'निम्मे' आहे. विद्यार्थी चोविसाच्या आत, पूर्णवेळ शिकणारा, आई-वडिलांपैकी कोणीतरी हयात, आणि त्याचं स्वतः काम करून मिळवलेलं उत्पन्न सपोर्टच्या निम्म्याहून कमी, तर त्याला ते हजार मिळत नाहीत. इथे कर्ज धरत नाहीत, बचत धरत नाहीत. फक्त कमाई. तिची कमाई नऊ हजार, निम्मे साडेसतरा हजार. मिळत नाही.

दादा: म्हणजे मी माझं क्रेडिट आणि वरचे पाचशे सोडायचे आणि तिला शून्य?

मी: अगदी. तुझ्या मित्राच्या मुलाने वर्षात पंचवीस हजार कमावले असतील तर गोष्ट वेगळी. २०२५ ला १५,७५० वजा जाता ९,२५० वर दहा टक्के, सव्वानऊशे डॉलर कर. तो कर क्रेडिटने पुसला जातो आणि बापाचे पाचशे गेले तरी घरात किमान सव्वाचारशे उरतात. हिशेब मुलाच्या कमाईवर ठरतो. मित्राकडून ऐकलेला सल्ला दुसऱ्या घराला लागू पडेलच असं नाही.

दादा: आणि आमची लेक आता डिपेंडंट झाली तर तिचा रिफंड बुडणार का? तिची आई तेच विचारत होती.

मी: नाही. डिपेंडंटला कमाई अधिक साडेचारशे एवढी वजावट मिळते. नऊ हजारांवर साडेचौऱ्याण्णवशे. कर शून्यच राहतो, कापलेला केंद्राचा कर पूर्ण परत येतो. तिने १०४०-एक्स भरून ती एक खूण दुरुस्त करायची. मग तुझं रिटर्न फॉर्म ८८६३ जोडून जाईल.

दादाने या टप्प्यावर एक गोष्ट सुचवली ती मी नाकारली. त्याला वाटलं, तेहतीसशे बचतीसारखे आकडे इकडचे तिकडे केले तर पुढची काही वर्षं तक्ता आपल्याला हवा तसाच येईल. मी त्याला सांगितलं की या क्रेडिटवर माझ्या सहीने फॉर्म ८८६७ जातो, मी पुरेशी चौकशी केली असं मी लिहून देते. नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष करून क्रेडिट घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं, आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं ते घेता येत नाही. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट सांगायची होती. लेकीने तिचे पैसे कुठे खर्च करायचे हे टॅक्सच्या तक्त्यावरून बापाने ठरवू नये. दादाला हे पटलं नाही. त्याच्या मते नियमात बसून आगाऊ आखणी करणं हे शहाणपण आहे. खर्च होण्याआधी, लेकीशी बोलून आखणी केली तर माझाही विरोध नाही. वर्ष उलटल्यावर आकडे हलवणं याला मी आखणी म्हणत नाही.

मग मी त्याला एका दुसऱ्या घराबद्दल सांगितलं. वडील गोदामात काम करतात, मुलगा कम्युनिटी कॉलेजात. फी साडेपाच हजार, सरकारकडून मिळणारी पेल ग्रँट सहा हजार. ग्रँटने फी पूर्ण फिटते, म्हणून क्रेडिट नाही, असं समजून त्यांनी आधीच्या वर्षी काहीच मागितलं नव्हतं.

दादा: बरोबरच आहे. खिशातून गेलं नाही तर क्रेडिट कसलं?

मी: पेल ग्रँट राहण्या-जेवण्यावरही खर्च करता येते. मुलाने दीड हजार फीला आणि साडेचार हजार राहण्याला लावले असं दाखवलं, तर फीचे चार हजार मोकळे होतात. राहण्याला लावलेले साडेचार हजार मुलाच्या उत्पन्नात धरायचे. पण वजावटीच्या हिशेबात ती रक्कम कमाईसारखी मानली जाते, त्यामुळे दुसरं उत्पन्न नसेल तर त्याला कर लागत नाही. वडिलांना मात्र पंचवीसशेपर्यंत क्रेडिट. त्यांचा कर शून्य असता तरी हजार हातात आले असते.

दादा: हे कॉलेज सांगत नाही?

मी: कॉलेज १०९८-टी पाठवतं. पहिल्या चौकटीत भरलेली फी, पाचव्या चौकटीत ग्रँट. पाचवी चौकट मोठी दिसली की लोक कागद बाजूला ठेवतात. तुझ्या एक-दीड हजाराच्या वादापेक्षा मला या घरांची जास्त काळजी वाटते. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच मागत नाहीत.

दादा: आणि आपल्या धाकट्याचा मुलगा? तो पुण्याहून एमएस करायला आलाय.

मी: त्याला दोन्ही बाजूंनी नाही. हे क्रेडिट पदवीच्या पहिल्या चार वर्षांचं आहे. एमएसला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट असतं, दहा हजारांवर वीस टक्के, पण एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो, आणि अनिवासी माणसाला ही क्रेडिट्स नाहीत. त्याहून वाईट एच-४ वाल्या मुलांचं. आई-बाप एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत, मूल इथल्याच शाळेत वाढलेलं. त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, फक्त करापुरता दिलेला नंबर, आयटिन आहे. आतापर्यंत आयटिनवर क्रेडिट मिळत होतं. २०२५ च्या नव्या कायद्याने २०२६ सालापासून सोशल सिक्युरिटी नंबर लागणार.

दादा: म्हणजे आई-बाप इथे तेवढाच कर भरतात आणि मूल वगळलं जातं.

मी: हो. यात मला कसलीही दुसरी बाजू दिसत नाही.

एवढ्यावर आम्ही दोघे प्रथमच पूर्ण सहमत झालो. शेवटचा मतभेद मात्र तसाच राहिला. मी दादाला म्हटलं की क्रेडिट कायद्याने तुझ्या रिटर्नवर येईल, पण ते पैसे लेकीच्या कर्जाकडे वळव, कारण ज्या फीवर ते मिळालं त्यातला मोठा भाग तिच्या सहीने आला. दादाचं म्हणणं, घरातला पैसा घरातच आहे, लग्नकार्य, पुढचं शिक्षण, काय लागेल त्याला आम्ही आहोतच. असा वाटा कायदा मागत नाही हे मलाही ठाऊक आहे. ही मागणी माझी आहे आणि मी ती सोडलेली नाही.

वाचकांपैकी ज्यांची मुलं अमेरिकेत कॉलेजात आहेत त्यांना माझं सांगणं: मूल रिटर्न पाठवण्याआधी त्याच्यासोबत बसा. पब्लिकेशन ५०१ मधला सपोर्टचा तक्ता दोघांनी मिळून भरा, कर्जाच्या कागदावर सही कोणाची आहे ते पाहा, डिसेंबरात भरलेली जानेवारीच्या सत्राची फी गेल्या वर्षात धरली का ते तपासा. पेल ग्रँट असेल तर १०९८-टी फेकू नका. २०२५ चं रिटर्न आणि हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटचा गेल्या वर्षाचा भरणा, दोन्हींची शेवटची तारीख १५ एप्रिल २०२६ आहे.